लव्या परबाची निळी डबी

लव्या परबानं गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर मी न उघडता ओळखायचो. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा होता. म्हणजे शेठचा होता, आम्ही त्यात दिवसाचे नऊ तास असायचो. व्होल्टेज स्टॅबिलायझर बनायचे. चौघे वाइंडिंगला, मी टेस्टिंगला. बाकी तिघांचा माल टेबलावर ठेवून करंट सोडला की गुणगुणायला लागायचा. लव्याचा गप्प बसायचा. त्याचं कारण तारेचा ताण. मशीनवर बॉबिन फिरतं, तांब्याची तार त्यावर चढत जाते, आणि ती तार वाइंडरनं उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत, मध्ये सुती चिंधी धरून, सोडत राहायची असते. जास्त दाबली की तार ताणून बारीक होते, कमी दाबली की वेढे सैल बसतात. लव्याच्या चिमटीतून दोन हजार वेढे गेले तरी पहिला आणि शेवटचा सारख्याच ताणाचा. हे काम त्यानं पंधरा वर्षं केलं, आणि या गोष्टीतलं सगळं दुखणं त्या चिमटीतच आहे.

दिसायला माणूस कायम झोपेतून उठवल्यासारखा. "काय लव्या, कसं काय?" विचारलं की "ढकलतोय" एवढंच. कांजूरमार्गला आमच्या चाळीत तो सात नंबरच्या खोलीत, मी नऊ नंबरमध्ये. सकाळी एकत्र निघायचो, संध्याकाळी एकत्र परतायचो, आणि वाटेत त्याची जेमतेम पाच-सहा वाक्यं व्हायची. बडबड करायला मी एकटा पुरेसा असतो, म्हणून आमचं जमलं असावं. चहा मात्र तो अजब प्यायचा. टपरीवरचा उकळता ग्लास सरळ चिमटीत धरायचा, फुंकर नाही, रुमाल नाही. मी ग्लास या हातातून त्या हातात नाचवत असायचो आणि मनात म्हणायचो, कोकणातला माणूस, निबर कातडीचा. स्वतःला हुशार समजणाऱ्या माणसाला किती कमी दिसतं, हे मला फार उशिरा कळलं.

गिटार गळ्यात अडकवली की हाच लव्या जागा व्हायचा. कलकत्त्याच्या बनावटीची जुनी इलेक्ट्रिक गिटार, तिचा रंग त्यानं दोनदा स्वतः मारलेला. चंद्रप्रकाश नावाचा आमचा एक मित्र 'ऑर्केस्ट्रा नवरंजन' चालवायचा. विक्रोळीत त्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत आमच्या प्रॅक्टिस. लव्या गिटारवर, चंपा नावाची टेलिफोन ऑपरेटर गाण्याला, आणि मी ॲम्प, माइक, वायरी. ॲम्प मीच बनवलेला. ऑर्केस्ट्राचा धर्म एकच असतो: रेकॉर्डसारखं वाजलं पाहिजे. मुखडा संपून अंतरा सुरू होईपर्यंत मध्ये गिटारचा जो तुकडा येतो त्याला आम्ही पीस म्हणतो. तो पीस चाळीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो. त्यात एक सूर इकडचा तिकडे झाला की शिट्टी येते, आणि ती कौतुकाची नसते. लव्याला बारा वर्षांत तशी शिट्टी आली नव्हती. स्टेजवर तो मागे, ड्रमच्या बाजूला उभा राहायचा, हसायचा नाही, लोकांना वाटायचं रागावलाय. पण मी त्याला रोज मशीनवर बघत होतो, म्हणून सांगतो, आठवड्यातले तेवढेच दोन-तीन तास तो स्वतःच्या मर्जीनं जिवंत असायचा. गिटार गेली असती तर त्याच्याकडे फक्त ती चिंधी उरली असती.

पंच्याऐंशी साली पावसाळा संपता संपता डब्यांची भानगड सुरू झाली. लव्याची बायको वनमाला, तिचा भाऊ बाळा मालवाहू जहाजावर फिटर. त्यानं जपानमधून गिटारच्या डब्यांचा एक रंगीत कॅटलॉग पाठवला आणि सोबत चिठ्ठी: जानेवारीत घरी येतोय, सिंगापूरहून एक डबी आणीन, फक्त एकच, कारण कस्टमवाले बॅग उलटी करतात आणि ताईच्या मिक्सरलाही जागा ठेवायची आहे. या डब्या पायाखाली ठेवायच्या असतात. गिटारची वायर एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं ॲम्पकडे, आणि वर खटका. पायानं दाबला की आवाज बदलतो. आमच्यापैकी कुणीही अशी डबी हातात घेतलेली नव्हती. तरी आठवडाभर प्रॅक्टिस बाजूला राहिली आणि कॅटलॉग फिरत राहिला. लग्नाच्या स्थळांचे फोटो फिरावेत तसा.

इंग्रजी वाचून अर्थ सांगायचं काम माझ्याकडे. दोनच डब्या कामाच्या होत्या. पान चौदा, पिवळी: ओव्हरड्राइव्ह. आवाज मुद्दाम इतका ताणायचा की त्याच्या कडा फाटतात. लाउडस्पीकरचा कर्णा असा फाटला की आपण मंडळाला शिव्या देतो, तेच हे, फक्त पायानं चालू-बंद होणारं. पान सोळा, निळी: कॉम्प्रेसर. हळू छेडलेला सूर ती वर उचलते, जोरात छेडलेला खाली दाबते, आणि बाहेर सगळं एका पातळीत सोडते. पंगतीत वाढपी कडक असला की जावयाला आणि गड्याला सारखीच वाढ मिळते, तसं.

"पिवळी!" चंद्रप्रकाश टेबलावर हात आपटून म्हणाला. "यार, नव्या पिक्चरची गाणी बघा ना. सगळीकडे तोच फाटका आवाज. पब्लिक तेच मागतंय. परवा घाटकोपरला मला एकानं तोंडावर सांगितलं, तुमचा ऑर्केस्ट्रा भजनी मंडळासारखा वाटतो."

"निळीचं काय?" मी उगाच विचारलं.

"ती ज्यांचा हात सारखा नाही त्यांच्यासाठी. आपल्या लव्याला काय करायचीय? लव्याचा हात म्हणजे मशीन आहे मशीन!"

सगळे हसले. लव्याही हसला. तो सहसा हसत नाही, एवढंच मला त्या वेळी वाटलं.

वस्तू न ऐकता घ्यायची हे माझ्या गळी उतरेना. मरोळ गावठाणात पास्कल अंकल राहायचे. जुने गिटारवादक, क्लबात वाजवून थकलेले, आता गुडघे धरून व्हरांड्यात बसायचे. त्यांच्या मुलानं बहारीनहून दोन्ही डब्या पाठवल्या होत्या आणि त्या तशाच कपाटात पडल्या होत्या. एका रविवारी त्यांचं चर्च आटोपल्यावर आम्ही गेलो. लव्यानं स्वतःची गिटार नेली होती. अंकलनी आधी डबीशिवाय वाजवायला सांगितलं, गिटार सरळ त्यांच्या विलायती ॲम्पमध्ये लावून.

लव्यानं एक नेहमीचा पीस वाजवला. एक सूर मोठा आला, दुसरा खोल गेला, तिसरा जेमतेम, चौथा कानावर आदळला.

आता इथं मला माझी लाज सांगायला हवी. हा चढउतार मी सहा महिने ऐकत होतो. आणि सहा महिने मी, चंद्रप्रकाश, सगळेच माझ्या ॲम्पला दोष देत होतो. तीनदा उघडला होता. जॅक बदलला, व्हॉल्यूमचा कंट्रोल बदलला, दोन रविवार घालवून सगळी सोल्डरिंग पुन्हा केली. आवाज मध्येच पडतो म्हणजे कुठंतरी लूज कनेक्शन असणार; टेस्टिंगच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाच्या डोक्यात दुसरं येतच नाही. आणि लव्या दरवेळी माझ्याशेजारी बसून टॉर्च धरत होता. एक शब्द बोलला नव्हता.

अंकलनी निळी डबी जोडली. लव्यानं तोच पीस पुन्हा वाजवला. सगळे सूर एका रांगेत आले, बारा वर्षं यायचे तसे. लव्यानं वाजवणं थांबवून डबीकडे बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. मग पिवळी जोडली. आवाज फाटला, भरला, छान गुरगुरला. फाटक्या आवाजात हाताचे दोष थोडे झाकतातही, पण लव्यानं जरा हलकं छेडलं की पुन्हा खड्डा पडत होता. अंकल डबीकडे नाही, लव्याच्या हाताकडे बघत होते.

"तुझ्या हाताला काय झाला रे बाबा?" त्यांनी विचारलं.

"काय नाय अंकल. झोप नाय झाली," लव्या म्हणाला.

परतताना गावठाणाच्या गल्लीत मी त्याला भिंतीशी उभं केलं. मला खरंच राग आला होता. "सहा महिने मी ॲम्प फाडतोय गाढवासारखा. सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगून काय करणार होतास? बोटांना सोल्डर मारणार होतास?"

मग तो स्वतःच बोलला, आयुष्यात पहिल्यांदा सलग. दोन वर्षं झाली. आधी मुंग्या यायच्या, आता तेही नाही. अंगठा आणि पहिलं बोट, दोन्हींची टोकं मेल्यासारखी. पिक, म्हणजे तारा छेडायचा तो प्लॅस्टिकचा तिकोनी तुकडा, चिमटीत आहे की नाही हे बघितल्याशिवाय समजत नाही. म्हणून स्टेजवर तो मान खाली घालून हाताकडे बघत वाजवतो. सूर कमी-जास्त येतो त्यावरून अंदाज घेतो, पकड सैल आहे की घट्ट. नाक्यावरच्या डॉक्टरनं ताकदीच्या गोळ्या दिल्या, दोन महिने घेतल्या, फरक शून्य.

"आणि नंदू," तो म्हणाला, "माझा मालपण आवाज करतो हल्ली. तू पास करतोस."

खरं होतं. त्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून गुणगुण येऊ लागली होती आणि मी समजत होतो गाभ्याच्या लोखंडी पत्र्या सैल बसल्यात. मी बोल्ट आवळून माल पुढे ढकलत होतो. आम्ही दोघं भिंतीला टेकून बराच वेळ उभे राहिलो. दमल्यासारखं झालं होतं, आणि दमायला त्या दिवशी आम्ही काही केलंही नव्हतं.

मी उपाय सांगितला. पिवळ्या डबीचं सर्किट सोपं असतं, ती मी इथल्या पार्टमध्ये बनवू शकतो. निळीत एक आयसी लागते ती मुंबईत कुणी ठेवत नाही. तेव्हा बाळाकडून निळी मागव, पिवळी मी करतो. त्यानं मान हलवली.

"निळी मागितली की चंदू विचारणार, कशाला? हात सारखा नाही त्यांच्यासाठी असते, हे त्यानंच सगळ्यांसमोर सांगितलं ना. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी माणूस उभा असेल. नको. पिवळी येऊ दे. जेवढं ढकललं जाईल तेवढं ढकलू." आणि त्यानं माझ्याकडून शपथ घेतली, चाळीत कुणाला, वनमालेला तर मुळीच, सांगायचं नाही.

पुढच्या प्रॅक्टिसला त्यानं सगळ्यांसमोर जाहीर केलं, "पिवळी." चंद्रप्रकाश "झकास!" म्हणून ओरडला आणि वडापाव मागवले. मी खाल्ला नाही. मला त्या वड्याचाही राग आला.

बाळाला पत्र वनमालेनं लिहिलं. लव्यानं सांगायचं, तिनं लिहायचं. आधी पत्रं लव्याच लिहायचा, पण वर्षभर तो "तुझा अक्षर बरा" म्हणून तिच्यावर ढकलत होता. पत्र जहाज कंपनीच्या फोर्टमधल्या ऑफिसात नेऊन द्यायचं, ते पुढे जहाजाला पाठवतात. पत्र पाकिटात घालायच्या आधी, संध्याकाळी मी एकटा असताना, वनमाला माझ्या दारात आली. ही बाई कधी उंबरा ओलांडून आत येत नाही. त्या दिवशीही उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"भावजी, माका खरा सांगा. त्या दोन डब्यांतली तेंच्या हाताक बरी खंयची?"

मी कानावर हात ठेवल्यासारखं केलं. हाताला काय झालंय, वगैरे. तिनं मला पुरतं बोलूही दिलं नाही.

"जयाच्या घशात काटो अडाकलो, तेवाच माका कळला," ती म्हणाली. जया म्हणजे त्यांची मुलगी, तेव्हा सात-आठ वर्षांची. लव्या तिला बांगडा निवडून द्यायचा, बोटांनी चाचपून एकूण एक काटा काढायचा, आणि हे काम तो कुणाला करू द्यायचा नाही. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी त्यानं निवडलेल्या घासात काटा राहिला. पोर गुदमरली, भाताचे सुके गोळे गिळवून कसाबसा उतरला. तेव्हापासून लव्या हात धुऊन ताटावर येईपर्यंत वनमाला गुपचूप आधीच मासा निवडून ठेवते आणि वरून पुन्हा मांस जुळवून ठेवते. लव्या त्यावरून बोटं फिरवतो आणि मुलीला भरवतो. "तेंका सांगू नकात," ती म्हणाली.

एकाच घरातल्या दोघांच्या दोन शपथा माझ्या गळ्यात. मी थकलो होतो, आणि मला वाटलं, मी भलं करतोय. "निळी," मी म्हणालो. "पान सोळा." तिनं तिथंच, माझ्या दाराच्या चौकटीवर कागद टेकवून, पिवळीवर काट मारली आणि वर निळी लिहिलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बाळा आला. मी मुद्दाम तिथंच घुटमळत होतो. मिक्सर निघाला, जयासाठी कंपासपेटी निघाली, मग खोकं निघालं. लव्यानं झाकण उघडलं. आतली डबी निळी होती. तो बघत राहिला. बाळा कौतुकानं म्हणाला, "तायेन लिवलंल्यान तीच हाडलंय बगा. निळी, पान सोळा."

वनमाला पाठमोरी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत, फक्त थापण्याचा आवाज हळू झाला. लव्यानं एकदा तिच्या पाठीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी कंपासपेटी उघडून बघू लागलो. "बरी आसा," तो बाळाला म्हणाला आणि डबी मांडीवर घेऊन बसला. त्या खोलीत चार मोठी माणसं होती आणि त्यातल्या तिघांना सगळं ठाऊक होतं, तरी कुणीही त्यावर पुढे एक अक्षर काढलं नाही.

चंद्रप्रकाशला आम्ही सांगितलं, सिंगापुरात पिवळी संपली होती. तो चार दिवस बाळाला शिव्या घालत होता. मग मी मसाल्याच्या गोल डब्यात बसवलेलं माझं ओव्हरड्राइव्ह आणून दिलं. ते अधूनमधून आकाशवाणी पकडायचं, पण फाटायचं व्यवस्थित. "फाटतंय ना? बस्स!" म्हणून तो खूश झाला. निळी डबी कशाला लागते हे विचारायचं त्याच्या लक्षातही राहिलं नाही. प्रॅक्टिसला लव्या पुन्हा पूर्वीसारखा वाजवू लागला. एकदा तर मान वर करून वाजवताना मी त्याला बघितलं. मला फार बरं वाटलं. रात्रंदिवस कण्हणारं माणूस घरात एकाएकी शांत झोपावं तसं.

सव्वीस जानेवारीला मुलुंडच्या एका कॉलनीत सार्वजनिक सत्यनारायण होता आणि पूजेनंतर संध्याकाळी पाचला आमचा कार्यक्रम. मैदानात खुर्च्या, मागे शिऱ्याची रांग. तिसरं गाणं चंपाचं होतं, संथ, आणि त्याचा सगळा जीव गिटारच्या पीसमध्ये. लव्यानं तो मान वर करून वाजवला. मी ॲम्पशेजारी उभा होतो आणि शपथेवर सांगतो, त्यानं तो पीस इतका सुरेख कधीच वाजवला नव्हता. एकेक सूर स्वच्छ, सारखा, जिथल्या तिथं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. गाणं संपलं, दुसरा गायक माइकवर गेला, आणि चंपा पाणी प्यायला मागे आली. तिच्या हातात लव्याचं पिक होतं.

"लवूदादा, हे तुझं उडून माझ्या पायाशी आलं होतं. पीस सुरू व्हायच्या आधीच पडलं. दुसरं होतं ना तुझ्याकडे?"

लव्यानं उजव्या हाताकडे बघितलं. अंगठा आणि बोट एकमेकांवर घट्ट दाबलेले होते. मध्ये काही नव्हतं.

"होतं की," तो म्हणाला.

तो सगळा पीस त्यानं नखानं वाजवला होता आणि त्याला समजलं नव्हतं. मलाही नाही. नखाचा सूर दबका येतो, पण निळ्या डबीनं तो उचलून पातळीत आणला होता. तिचं कामच ते. पंगतीतल्या वाढप्याला काय ठाऊक, पानावर कुणी बसलंय की पान रिकामं आहे.

कार्यक्रम त्यानं पूर्ण केला. हाताकडे बघत, मान खाली घालून. शेवटी चंद्रप्रकाशनं त्याला मिठी मारली. "लव्या, आज रेकॉर्ड वाजली रे! बारा वर्षांत असा नव्हतास!"

"चंदू, माणूस बघ," लव्या म्हणाला. "माझ्या जागी."

"चढली काय रे तुला? शिऱ्यात काय घातलं होतं?" चंद्रप्रकाश हसत हसत मंडळाच्या अध्यक्षांकडे गेला. त्याला खरं वाटायला दोन आठवडे लागले.

वायरी गुंडाळताना लव्या माझ्याशेजारी उकिडवा बसला. मी म्हणालो, "अरे पण वाजलं तर छान. कुणाला कळलं?"

"तेच तर. कुणालाच नाही." तो डबीच्या खटक्यावरून अंगठा फिरवत होता. "आधी सूर पडायचा तेव्हा निदान मला समजायचं, बोटं गेली. तेवढंच एक सांगणारं उरलं होतं नंदू. आता तेही गप्प बसलं. हात तुटून पडला तरी मला लोकांच्या टाळ्याच ऐकू येतील."

मला खूप वाईट वाटलं. मी आणि वनमालेनं मिळून ते केलं होतं, आणि मायेपोटी केलं होतं. मी त्याला तसं सांगायचा प्रयत्न केला. "माहीत आहे," एवढंच तो म्हणाला आणि वायरीचं भेंडोळं माझ्या हातात दिलं.

सोमवारी त्यानं शेठला सांगून वाइंडिंगचं मशीन सोडलं आणि पॅकिंगला गेला. नवरंजनला ठाण्याचा एक गिटारवाला मिळाला, बऱ्यापैकी होता. लव्यानं निळी डबी त्याला देऊन टाकली. तो नवा गिटारवाला म्हणाला, पिवळी असती तर बरं झालं असतं.

पण मला सांगायचंय ते त्याच आठवड्यातल्या बुधवारचं. कामावरून येताना लव्यानं स्वतः बांगडे घेतले आणि मला जेवायला थांबवलं. वनमालेनं नेहमीप्रमाणे तो हात धुवायला मोरीकडे गेला तेवढ्यात जयाचा मासा निवडून, जुळवून ठेवला. लव्या येऊन बसला. त्यानं जयाच्या ताटाला हात लावला नाही. ताट वनमालेकडे सरकवलं.

"तूच दी गो तिका निवडून. माझ्या बोटांका आता काटो लागणा नाय."

वनमालेनं ताट हातात घेतलं. मग म्हणाली, "दोन वर्सां मीच निवडतंय."

"ठावक आसा माका," लव्या म्हणाला. "जुळयलेलो मासो माका कळणा नाय काय?"

वनमालेनं पदर डोळ्यांना लावला नाही, काही नाही. तिनं जयाचं ताट तिच्यापुढे ठेवलं. मग लव्याच्या ताटातला बांगडा उचलून आपल्या ताटात घेतला, मधोमध फोडला, बोटांनी चाचपून एकेक काटा बाहेर काढला आणि नुसतं मांस त्याच्या भातावर ठेवलं. लव्या मान खाली घालून जेवू लागला.